ओसरीवरची डोकी

फायोकेने अंगठ्याच्या नखाने कोलाची बी उकलली आणि तिच्या चारही पाकळ्या पाण्याच्या वाडग्यात बुडवून बाहेर काढल्या. समोर तेनीओला मान खाली घालून बसली होती. डोक्याचा रुमाल तिने घडी करून मांडीवर ठेवला होता आणि केसांच्या बारीक वेण्यांमधून पाण्याचे थेंब कपाळावर उतरत होते. ते पुसायचे नसतात, हे तिला ठाऊक होतं.

"विचार," फायोके म्हणाली.

"मनात विचारू की मोठ्यांदा?"

"तुझं डोकं बहिरं आहे का?"

बाकावरच्या बायका हसल्या. तेनीओलाही हसली, आणि हसता हसता तिचा हात पोटावर गेला. सहावा महिना होता. आधीची दोन बाळं पाचव्यातच गेली होती. तिचे ओठ हलले, पण शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. फायोकेने पाकळ्या सिमेंटच्या जमिनीवर सोडल्या. दोन उताण्या पडल्या, दोन पालथ्या.

"बरं आहे. शांत आहे," ती म्हणाली. "आता घरी जा, काहीतरी खा, आणि तपासणीची तारीख चुकवू नकोस. डोकं वाट सांगेल, दवाखान्यापर्यंत पायांनाच जावं लागतं."

पायऱ्यांच्या खाली एक माणूस येऊन उभा राहिला होता. चाळिशीचा, पांढऱ्या कपड्यातला. अराबांच्या शिष्यांपैकी एक. गावातल्या सगळ्या बाबालावोंचे, म्हणजे इफा या जुन्या दैवविद्येच्या पुजाऱ्यांचे, अराबा हे प्रमुख. शिष्य वर आला नाही. बसायला सांगितलं तरी बसला नाही. खालूनच त्याने फायोकेला वाकून नमस्कार केला आणि निरोप सांगितला: अराबांनी बोलावलंय, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. निरोप देऊन तो वळला, तेव्हा बाकावर कुणीही हसत नव्हतं.

ओके-इरो गावात फायोकेला सगळे सिस्टर म्हणत. अडतीस वर्षं ती तिथल्या प्रसूतिगृहात सुईण होती. गावातल्या तिशीच्या आतल्या निम्म्याअधिक लोकांना पहिला हात तिचाच लागला होता, आणि बाजारात एखादा भाजीवाला भावावरून हुज्जत घालू लागला की ती शांतपणे त्याला आठवण करून द्यायची, तू उलटा येत होतास, मी वळवलं तुला.

ओसरीवरचं हे सगळं सुरू झालं ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. भला माणूस होता, घरात त्याच्या गुणगुणण्याशिवाय दुसरा आवाज नसायचा. मुलं लेगॉसला. त्या सोमवारी सवयीने उठून तिने गणवेशाला इस्त्रीसुद्धा केली आणि मग तिच्या लक्षात आलं. गणवेश खुर्चीवर टाकून ती ओसरीत येऊन बसली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. अडतीस वर्षं या हातांनी डोकीच धरली होती. माणूस जगात डोकं पुढे करून येतो. आधी ते हाताला लागतं, ओलं, गरम, मुठीएवढं, आणि मग बाकीचा माणूस येतो. तिने वाडगाभर गार पाणी आणलं, त्यात बोटं बुडवली आणि स्वतःच्याच कपाळावर ठेवली. तेव्हा वडिलांचे शब्द तिच्या तोंडात आले.

तिचे वडील बाबालावो होते. त्यांच्या घरात शिष्यांना शिकवण्याची खोली आतल्या बाजूला होती, दाराला पडदा, आणि बायकांनी पडद्यापलीकडे जायचं नाही अशी त्या घराण्याची रीत. इतर काही गावांत बायकाही इफा शिकतात, त्यांच्याकडे नव्हतं ते. फायोके सात वर्षांची असल्यापासून त्या खोलीच्या भिंतीला लागून मिरच्या वाटायची. भिंत मातीची होती. पलीकडून वडिलांचा आवाज यायचा, शिष्यांचा यायचा. जन्माआधी प्रत्येक जण डोकी घडवणाऱ्या कुंभाराच्या घरी जातो आणि आपलं डोकं आपण निवडतो, हे तिने तिथेच ऐकलं. काही डोकी नीट भाजलेली असतात, काही कच्ची. बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून आपल्या डोक्याशी, ओरीशी, रोज बोलावं. त्याच्याइतका जवळचा देव दुसरा नाही. मिरचीने हात जळत असताना ऐकलेलं हे सगळं चर्चच्या पन्नास वर्षांखाली जसंच्या तसं राहिलं होतं.

त्या सोमवारी ती डोक्याशी बोलत असताना कुंपणापलीकडून अल्हाजा सिंबियातने हाक मारली होती. सिंबियात तिची शेजारीण, पीठगिरणीची मालकीण; हज करून आलेली, पाच वेळा नमाज पढणारी बाई. कुणाशी बोलतेस, असं तिने विचारलं. डोक्याशी, फायोके म्हणाली. काय म्हणतं ते? म्हणतं, पेज गार होतेय. सिंबियात त्या दिवशी हसत परत गेली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा वाडगा घेऊन आली. माझंही गार कर, म्हणाली, गिरणीच्या आवाजाने आत भुगा झालाय. पण शब्द माझे मी म्हणणार, तुझ्या बापाचे नाही. फायोकेला त्यात काहीच अडचण दिसली नाही.

हळूहळू बायका वाढल्या. कुणी काही आणायचं नाही, कुणाला शपथ नाही, कोंबडं-बकरं नाही, लाकडी पाटावरची पांढरी पूड आणि तिच्यावरच्या खुणा नाहीत. ते बाबालावोंचं काम, आणि फायोकेला ते येतही नव्हतं. पाणी, कोलाची एक बी, आणि आपल्या डोक्याशी बोलायला थोडा वेळ. पुढे काय होणार हे ती कधी सांगत नसे. पाकळ्या वाईट पडल्या तर म्हणायची, पाणी पी, आणि प्रश्न नीट विचार. गोलमोल विचारलंस तर गोलमोल उत्तर मिळणार. वडिलांच्या ओळींपैकी ज्या आठवत त्या ती सोप्या करून म्हणायची. ज्यांना आवडत त्या बायका त्या पाठ करायच्या, घरी जाऊन म्हणायच्या.

आणि अराबा बहुधा यामुळेच रागावले होते.

सिंबियातचं म्हणणं होतं की घाबरण्यासारखं काही नाही, तो म्हातारा देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासूनच रागावलेला आहे. फायोके हसली, पण त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. अराबा तिच्या वडिलांचे चुलतभाऊ आणि त्यांचेच शिष्य. ते बोलले तर गावातली कुठलीच जुनी घरं तिला बारशाला, लग्नाला बोलावणार नाहीत. तिच्या वडिलांच्या अंगणात, वडिलांच्या शेजारी तिला पुरलंही जाणार नाही. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस अशा गोष्टींचा विचार करतं.

अराबा अंगणातल्या आंब्याखाली खुर्चीत बसले होते. फायोकेने गुडघे टेकले. त्यांनी तिला तशीच थोडा वेळ राहू दिली आणि मग स्टुलाकडे बोट केलं. त्यांची बायको, अयिंके काकू, पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो दोघांच्या मध्ये ठेवला आणि आत गेली. पंचाहत्तरीची बाई, अजून पाठ ताठ.

"तू माझ्या भावाची मुलगी," अराबा म्हणाले. "म्हणून माणूस पाठवला. नाहीतर दवंडी पिटली असती."

त्यांनी एकेक गोष्ट विचारली आणि तिने एकेकीचं खरं उत्तर दिलं. हो, बायका येतात. हो, मुसलमान येतात, चर्चवाल्या येतात. हो, वडिलांच्या ओळी म्हणते, मला आठवतील तशा. नाही, खुणांना हात लावत नाही. त्यांचा राग आरडाओरडीचा नव्हता. ते सांगत राहिले की त्या ओळींसाठी ते सोळा वर्षं तिच्या वडिलांच्या दारात राहिले. सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, म्हणून एक सूर चुकला तर नडगीवर छडी बसायची. गोष्ट लपवायची म्हणून लपवलेली नाही, म्हणाले. अर्धी वाट दाखवून सोडलेला माणूस मधेच खड्ड्यात पडतो, म्हणून पूर्ण शिकणाऱ्यालाच सांगायची. आणि तुझ्या ओसरीवर तेच शब्द कढईतल्या भज्यांसारखे गरम गरम वाटले जातायत.

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं फायोकेला वाटलं नाही.

"तुझ्या वडिलांना माहीत होतं," अराबा एकदम म्हणाले.

"काय?"

"तू भिंतीपलीकडे असतेस ते. तुझा वरवंटा थांबला की तो ती ओळ परत म्हणायचा. हळू. आम्ही वैतागायचो. एवढी सोपी ओळ, सगळ्यांना आलेली, परत कशाला? वरवंटा सुरू झाला की मगच पुढे जायचा." त्यांनी तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं. "मला हे कळायला फार वर्षं गेली. तोवर तो गेला होता आणि तू नर्स झाली होतीस."

फायोकेने खाली पाहिलं. अंगणातल्या लाल मातीवर कोंबडीच्या पायांचे ठसे होते. ती ते बघत राहिली.

मग अराबांनी तिला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. त्यांच्या घराण्यात आजवर बाईला दीक्षा दिली गेलेली नाही. ते देणार होते. इतर बाबालावोंशी बोलणं झालं होतं. दोघं नाराज होते, पण ऐकतील. येत्या कोरड्या दिवसांत तिला इफाच्या राईत नेतील, सात दिवस ठेवतील, आणि त्यानंतर पडद्याच्या आत तिची जागा असेल. जे भावाला करता आलं नाही ते मी करतो, म्हणाले. अट एकच. आत आल्यावर आतलं बाहेर न्यायचं नाही. ओसरी बंद. आणि उत्तर देईपर्यंतही बंदच.

"आठ दिवस घे," ते म्हणाले. "घाईने हो म्हटलेलं मला नको."

परत जाताना काकूने तिला दारापर्यंत सोडलं. तिने फायोकेचा हात हातात घेतला. काकूने तो दाबला आणि सोडून दिला.

फायोकेला हो म्हणायचं होतं. हे तिने सिंबियातला त्याच दुपारी सरळ सांगितलं. सात वर्षांची असल्यापासून तिला त्या खोलीत जायचं होतं. नर्सिंगच्या शाळेत गेली, लग्न झालं, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली, तरी मनात कुठेतरी ती त्या भिंतीशी कान लावून होती. आता दार उघडून कुणी ये म्हणतंय. सिंबियातने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की तू जा, आणि आम्ही आमच्या डोक्यांचं बघू, इतकी वर्षं बघतच होतो. बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त गिरणीत परत जाताना ती आपला वाडगा विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायोकेने दार लावून घेतलं. बायकांना आदल्या संध्याकाळीच निरोप गेला होता. ती स्वयंपाकघरात मक्याची पेज ढवळत उभी राहिली. गावात कोंबडे आरवून झाले होते, रस्त्यावरून पहिल्या मोटारसायकली जात होत्या. तिला बरंही वाटत होतं. सकाळ कुणाच्या तरी पोटदुखीने, कुणाच्या तरी सुनेने भरलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ओसरीवर चपलांचा आवाज झाला. मग बाक सरकवल्याचा. फायोके दाराशी गेली नाही. खिडकी उघडी होती, तिला पडदा होता, आणि पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तीन-चार जणी असाव्यात. कुणीतरी म्हणालं, सिस्टरला त्रास नको. कुणीतरी म्हणालं, आपण कुठे तिला हाक मारतोय. मग वाडग्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

आणि तेनीओला बोलू लागली. फायोकेच्या समोर जी पोरगी कधी मोठ्यांदा बोलली नव्हती, ती बोलत होती. शब्द वडिलांचे नव्हते. मधेच एका भजनाची ओळ आली, मधेच तिच्या आजीच्या गावची कुठली तरी म्हणण्याची पद्धत, मधेच ती डोक्यावर चक्क रागावली: दोनदा तू मला फसवलंस, तेव्हा मी तुला काही म्हटलं नाही, आता म्हणतेय. या बाळाचंही एक डोकं आहे. त्याच्याशी बोलून घे. दोघं मिळून ठरवा. मला कळवलं नाही तरी चालेल, पण ठरवा.

फायोकेचा पळी धरलेला हात थांबला होता. बाहेर कुणीतरी म्हणालं, परत म्हण, मला ते शेवटचं पाठ करायचंय. आणि तेनीओलाने ते परत म्हटलं, या वेळी हळू.

पेज तळाला लागली. तिचा करपट वास ओसरीपर्यंत गेला असावा, कारण बाहेर एकदम शांत झालं, आणि मग सिंबियातचा आवाज आला:

"सिस्टर, डोक्याचं आमचं आम्ही बघतो. पातेल्याचं तू बघ."

त्यानंतरचे दिवस त्या येत राहिल्या आणि फायोके खिडकीआडून ऐकत राहिली. तिने दार उघडलं नाही. उत्तर देईपर्यंत बंद, हे ठरलं होतं. पण रोज सकाळी पेज जरा लवकर उतरवून ठेवायची.

आठव्या दिवशी ती अराबांकडे गेली तेव्हा ते त्याच आंब्याखाली चाकूने एका लाकडी पाटाची कड तासत होते. काकू बाजूला थोड्या अंतरावर बसून शेंगा सोलत होती. फायोके आली तशी ती उठायला लागली, पण अराबांनी काही म्हटलं नाही, म्हणून बसून राहिली.

"काका," फायोके गुडघ्यांवरूनच म्हणाली, "मला नाही जमणार."

चाकू थांबला नाही. "भीती वाटते?"

"नाही. फार इच्छा आहे. तुम्ही बोलावलंत हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. वडिलांचं सांगितलंत, तेही." वाटेत तिने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आता सापडेना. "पण मी आत आले तर पडदा माझ्या मागे पडेल. आणि अलीकडे कुणीतरी मिरच्या वाटत बसलेलं असेल. मला ते ऐकू येत राहील, काका. माझं लक्ष तिकडेच राहील."

लाकडाचा एक पातळ कपचा गळून पडला. अराबांनी पाट उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. आपण जे बोललो ते उद्धटपणाचं वाटलं का, असा विचार तिच्या मनात आला. त्यांनी आता दवंडी पिटली तरी त्यात अन्याय नव्हता. त्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात मोठं काही पुढे केलं होतं आणि ती ते परत करत होती.

"काय म्हणतेस तू त्यांना?" त्यांनी विचारलं. "सकाळी. सुरुवातीला."

तिने डोळे मिटले आणि म्हटलं, भिंतीपलीकडून ऐकलं होतं तसं:

"माझ्या डोक्या, पाणी घे, गार हो. ज्या घरातून तुला उचललं त्या घराची आठवण ठेव. माझ्यासाठी थांब."

अराबांनी मान वर केली. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू अजून काही येणार होतं. शेंगा सोलण्याचा आवाजही थांबला होता. मग ते म्हणाले, ऊन चढतंय, घरी जा. आणि पाट परत मांडीवर घेतला.

तिला त्याचा अर्थ लागला नाही. घरी येऊन तिने दार उघडलं, ओसरी झाडली, पाण्याची घागर भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं, दवंडीचंही. ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नका, मला वाईट वाटणार नाही, म्हणाली. सिंबियात म्हणाली की वाईट वाटलंच पाहिजे, नाहीतर आम्ही येतो कशाला.

दोन बाजार गेले. दवंडी आली नाही, माणूस आला नाही. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी, ओसरी भरलेली असताना, पायऱ्यांशी अयिंके काकू येऊन उभी राहिली. निळ्या रंगाचा जुना झगा, हातात स्वतःचा पाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा. बायका भराभर उठल्या, गुडघे टेकले. काकूने हातानेच बसा म्हटलं आणि एकेक पायरी चढून वर आली.

फायोकेने तिला बाकावर जागा दिली. काकू बसली, श्वास घेतला, सगळ्यांकडे बघितलं.

"त्यांनी पाठवलंय," ती म्हणाली. "सांग म्हणाले, शेवटची ओळ चुकीची म्हणते. 'थांब' नाही ते. तिथे सूर वर जातो. वर गेला की 'पुढे चाल' होतं. माझ्या पुढे चाल. भिंतीतून तेवढा सूर आला नसणार, म्हणाले."

फायोकेने मनात तो शब्द म्हणून पाहिला, सूर वर नेऊन. बरोबर होतं. इतकी वर्षं, इतक्या बायकांना तिने डोक्याला थांबायला सांगायला लावलं होतं. तिला हसू येईल की रडू, हे तिला कळेना. मग तिच्या लक्षात आलं की राईत न गेलेल्या बाईला त्या घराने पहिल्यांदाच एक सूर शिकवून पाठवला होता.

"काकांना सांगा, मी दुरुस्त करते," ती म्हणाली.

"ते सांगेन मी." काकूने डोक्याचं बांधलेलं कापड सोडवायला घेतलं. गाठ घट्ट होती, वेळ लागला. खाली केस पांढरे, कापसासारखे, अगदी जवळ कापलेले. "पण माझ्या वेळी तू जुनंच म्हण. बावन्न वर्षं झाली मला त्या घरात. पुढे चालणारे मी पुष्कळ पाहिलेत. थांबणारं कुणी असेल तर बघू."

सिंबियात आधी हसली, मग बाकीच्या. काकू हसली नाही. ती मान खाली घालून वाट बघत होती. फायोकेने तुंब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि त्या म्हाताऱ्या डोक्यावर ठेवली. तळव्याखाली कवटी उबदार लागली, मधोमध एक लहानसा खळगा. तिने शब्द म्हटले, हळू, आणि शेवटचा सूर वर नेला नाही.

पाकळ्या पडल्या. काकूने त्या बघितल्याच नाहीत. ती बराच वेळ तशीच बसून होती, पाणी कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन थांबेपर्यंत. मग तिने कापड परत डोक्याला गुंडाळलं.

"अजून एक विचारायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "एखाद्या पुरुषमाणसाला यायचं असेल, तर कुठल्या दिवशी इथे कुणी नसतं?"

फायोकेने ओसरीकडे बघितलं. तेनीओला आपलं पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली होती; सिंबियात वाडग्यातलं उरलेलं पाणी झाडाला घालत होती आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती.

"असा दिवस नाही, काकू," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, बाकावर जागा करून घ्यावी लागते."

काकूने बाकाकडे पाहिलं, त्याची लांबी डोळ्यांनी मोजली. मग तुंबा मांडीवर घेऊन ती थोडी कडेला सरकली.